कागद रोज अडकतो, पाकिटं चुरगळतात: ऑफिसच्या कॉपियरमध्ये कागद भरताना काय तपासायचं

मशीन तेच, ट्रे तोच आणि अडकण्याची जागाही तीच. अडकलेला कागद ओढून काढला की काही प्रती नीट निघतात, मग पुन्हा लाल दिवा. दुरुस्तीवाला येतो, रोलर पुसतो, त्याच्यासमोर सगळं सुरळीत चालतं आणि तो गेल्यावर तक्रार पुन्हा सुरू होते. तुमच्याकडे असं होत असेल तर मशीन उघडण्याआधी ट्रे बाहेर ओढा आणि त्यातला कागद बघा. पुन्हा पुन्हा अडकणाऱ्या कागदाचं मूळ बहुतेक वेळा कागद कुठे ठेवला होता, ट्रेमध्ये कसा भरला आणि मशीनला त्याच्याबद्दल काय सांगितलं, या तीन गोष्टींत असतं. कागद थांबतो ती जागा फक्त परिणाम दाखवते.

पाकिटांचा प्रश्न याच्याही पुढचा आहे. त्याबद्दल खाली सविस्तर लिहिलं आहे, पण पाकिटांचे निम्मे नियम साध्या कागदावरूनच येतात, म्हणून सुरुवात तिथून.

अडकलेला कागद फेकू नका, आधी वाचा

"कागद अडकतो" या एका तक्रारीत चार वेगवेगळ्या गोष्टी असतात. मशीन कागद उचलतच नाही. एका वेळी दोन-तीन कागद ओढतं. कागद तिरका जातो. किंवा नीट उचललेला कागद आत कुठेतरी घड्या पडून बसतो. प्रत्येकाचं कारण वेगळं आहे आणि ते शोधण्यासाठी सगळ्यात चांगला पुरावा म्हणजे अडकलेला कागदच. आपण तो चिडून चुरगळतो आणि टोपलीत टाकतो.

त्याची पुढची कड, म्हणजे मशीनमध्ये आधी शिरलेली कड, बघा. एकच कोपरा दुमडला असेल तर कागद तिरका शिरला आहे किंवा वाटेत जुन्या कागदाचा फाटका तुकडा बसला आहे. कडेजवळ काळपट घासल्याच्या खुणा असतील आणि कागद ट्रेमधून जेमतेम बाहेर आला असेल तर रोलर त्याच्यावरून घसरतोय. दोन कागद एकमेकांना चिकटून आले असतील तर गठ्ठा मोकळा केलेला नव्हता किंवा तो सादळला आहे. कागदावर छपाई झाली असेल तर अक्षरावरून बोट फिरवा. टोनर (छपाईची पूड) पुसला गेला तर कागद फ्युजरच्या, म्हणजे टोनर तापवून पक्का बसवणाऱ्या भागाच्या, आधीच थांबला. टोनर पक्का बसला असेल तर फ्युजर ओलांडल्यावर, बाहेर पडण्याच्या किंवा पाठपोट छपाईच्या वाटेवर तो अडला.

मग अदलाबदल करून बघा. याला पाच मिनिटं लागतात आणि यासारखी दुसरी तपासणी नाही. त्रास देणाऱ्या ट्रेमधला कागद काढून दुसऱ्या ट्रेमध्ये ठेवा आणि दुसऱ्या ट्रेमधला, किंवा आत्ताच फोडलेल्या रिममधला, कागद या ट्रेमध्ये ठेवा. दोन्हीकडून वीस-पंचवीस प्रती काढा. त्रास कागदाबरोबर दुसरीकडे गेला तर दोष कागदाचा. त्रास त्याच ट्रेमध्ये राहिला तर दोष गाइडचा (कागदाला बाजूंनी धरणाऱ्या सरकत्या पट्ट्यांचा) किंवा रोलरचा. दोन्ही ट्रेमधून कागद आत एकाच जागी थांबत असेल तर अडथळा दोघांच्या सामाईक वाटेवर आहे. एवढं कळलं तरी निम्मं काम झालं, आणि दुरुस्तीवाल्याला बोलवायचंच असेल तर त्याला नेमकं सांगता येतं.

एकच कागद का उचलला जातो

ट्रेमधल्या वरच्या कागदावर रबरी पिकअप रोलर टेकतो आणि त्याला पुढे सरकवतो. पुढे खालच्या बाजूला कागद वेगळे करणारा पॅड किंवा दुसरा रोलर असतो. चुकून दोन कागद आले तर खालच्याला तो अडवतो. ही सगळी रचना एका साध्या हिशोबावर उभी आहे. रबराची कागदावरची पकड सगळ्यात जास्त हवी, पॅडची त्याहून कमी आणि कागदाची कागदावरची पकड सगळ्यात कमी. हा क्रम बिघडला की तक्रार सुरू होते.

कागद सादळला की कागद कागदाला धरून बसतो. हवा फार कोरडी असली की स्थिर विजेमुळे तेच होतं. दोन्हींत एकदम दोन-तीन कागद ओढले जातात. रोलरवर कागदाची भुकटी बसली की रबराची पकड जाते आणि कागद उचललाच जात नाही. कॉपियरच्या कागदात चुन्याच्या जातीचा भराव असतो, कापलेल्या कडांवर त्याचा पांढरा भुगा राहतो आणि हलक्या प्रतीच्या कागदात तो जास्त सुटतो. हे लक्षात ठेवलं तर पुढच्या सूचना पाठ कराव्या लागत नाहीत, त्या का दिल्या आहेत ते आपोआप कळतं.

कागद ट्रेमध्ये जाण्याआधीच बिघडतो

कागद हवेतला ओलावा सतत घेत आणि सोडत असतो. रिमचं वेष्टण ओलावा रोखण्यासाठीच असतं, म्हणून लागेल तेव्हाच रिम फोडा. अर्धी उरलेली रिम उघडी टाकू नका. वेष्टण दुमडून चिकटपट्टी लावा किंवा प्लॅस्टिकच्या पिशवीत घट्ट बांधून ठेवा. रिमा जमिनीवर किंवा बाहेरच्या भिंतीला टेकवून ठेवू नका. त्या आडव्या, सपाट फळीवर ठेवा. उभ्या ठेवलेल्या रिमच्या कडा वाकतात आणि तो बाक मशीनमध्ये गेल्यावर सरळ होत नाही. थंड कोठीतून आणलेली रिम लगेच फोडून भरू नका, खोलीच्या हवेशी तिला काही तास जुळवून घेऊ द्या.

सादळलेला कागद मशीनमध्ये गेल्यावर काय होतं? फ्युजर टोनर वितळवून कागदावर बसवतो, त्यासाठी तो दीडशे अंश सेल्सियसच्या वर तापलेला असतो. तिथे कागदातल्या पाण्याची वाफ होते, एक बाजू दुसरीपेक्षा आधी वाळते आणि कागद गुंडाळत जातो. असा बाक आलेला कागद एका बाजूच्या छपाईत कसाबसा बाहेर पडतो. पाठपोट छपाईत मात्र त्याला मागे वळून पुन्हा आत जायचं असतं आणि वाकलेली कड पहिल्याच वळणावर अडते. "एका बाजूला छापलं तर ठीक, पाठपोट केलं की अडकतं" असं होत असेल तर मी पहिला संशय ओलाव्यावर घेईन. बाहेर पडणाऱ्या कागदाजवळ वाफ दिसली, प्रती लहरी निघाल्या किंवा काळ्या भागात छपाई फिकी-डागाळलेली आली तर संशय आणखी पक्का.

दमट हवेत रात्रभर ट्रेमध्ये राहिलेल्या कागदालाही हे लागू आहे. ट्रे हवाबंद नसतो. जो ट्रे आठवड्यातून एकदाच वापरला जातो, बहुधा ए३ चा, त्यात रिम भरून ठेवू नका. लागेल तेवढाच कागद ठेवा.

बहुतेक रिमांच्या वेष्टणावर एक बाण असतो. त्या बाणाकडची बाजू आधी छापावी असं कारखान्याने सुचवलेलं असतं. प्रती सतत एकाच दिशेला वळत असतील तर ट्रेमधला गठ्ठा उलटा करून बघा. तेवढ्यानेही कित्येकदा फरक पडतो.

भरण्याची पद्धत

गठ्ठा एका हाताने धरून दुसऱ्या हाताने कडा फुलवा, म्हणजे कागदांमध्ये हवा जाते. मग उलट बाजूनेही तसंच करा. नंतर सपाट टेबलावर दोन बाजूंनी हलकेच ठोकून कडा एकसारख्या करा. वरचा आणि खालचा एकेक कागद अनेकदा वेष्टणाच्या डिंकाने किंवा घडीने खराब झालेला असतो, तो काढून टाका.

कागद कुठवर भरायचा हे दाखवणारी रेघ ट्रेमध्ये असते, बहुतेक वेळा बाजूच्या भिंतीवर लहान त्रिकोणांच्या खुणेने दाखवलेली. ८० जीएसएमच्या (जीएसएम म्हणजे एक चौरस मीटर कागदाचं ग्रॅममधलं वजन) ५०० कागदांची रिम साधारण ५ सेंटीमीटर जाड होते आणि ट्रेची ठरलेली क्षमता अशाच कागदाची असते. जाड कागद असेल तर तोच ट्रे कमी कागदांत भरतो, म्हणून कागद मोजू नका, रेघ बघा. रेघेच्या वर भरलेल्या ट्रेमध्ये वरचे कागद रोलरवर दाबले जातात, ट्रे आत सरकवताना पुढची कड घासून दुमडते आणि पहिल्या काही प्रतींतच अडथळा येतो.

आता ज्या सवयीकडे सगळ्यांचं दुर्लक्ष होतं ती. ट्रेमध्ये थोडे कागद शिल्लक असताना त्यांच्यावर नवी रिम ठेवणं. खालचे कागद हवेत मुरलेले, वरचे कोरडे, कधी दोघांचे जीएसएमही वेगळे. नवे कागद संपून जुने सुरू होतात तिथे मशीन अडतं, आणि कोणालाच कळत नाही की मधेच काय झालं. शिल्लक कागद बाहेर काढा, नव्या गठ्ठ्याबरोबर ठोकून सारखे करा आणि वर ठेवा म्हणजे ते आधी संपतील. वेगळ्या जाडीचे असतील तर एकत्र करूच नका.

पाठकोरे कागद वापरणं ही चांगली सवय आहे, पण ते मुख्य ट्रेमध्ये जाऊ देऊ नका. पिना, चिकटपट्टीचे तुकडे, दुमडलेले कोपरे, एकदा फ्युजरमधून जाऊन आलेला बाक, हे सगळं त्यांच्याबरोबर आत जातं. शिवाय आधी छापलेला टोनर उष्णतेने पुन्हा मऊ होतो. त्यांच्यासाठी एखादा छोटा ट्रे राखून ठेवा, प्रत्येक कागद हाताखालून जाऊ द्या आणि त्यावर पाठपोट छपाई बंद ठेवा. इंकजेटचा चकचकीत फोटो कागद आणि काही लेबलं काढून घेतलेले लेबलांचे कागद तर कधीच नकोत. उरलेली लेबलं आत सुटतात आणि फ्युजरला किंवा ड्रमला (टोनरचं चित्र कागदावर उतरवणाऱ्या नळकांड्याला) चिकटतात. तो खर्च वाचवलेल्या कागदापेक्षा कितीतरी मोठा असतो.

गाइड, आणि न अडकलेला कागद "अडकला" असं मशीन का म्हणतं

बाजूचे गाइड कागदाला नुसते टेकले पाहिजेत. मधे फट राहिली की कागद तिरका जातो. जास्त दाबले की गठ्ठा मधोमध फुगतो आणि रोलरला सपाट पृष्ठभाग मिळत नाही. तपासायला सोपी खूण अशी: गाइड लावल्यावर वरचा कागद बोटाने पुढे-मागे सहज सरकावा, पण डावीकडे-उजवीकडे हलू नये. मागच्या टोकाचा गाइडही तितकाच महत्त्वाचा आहे आणि तोच बहुतेक जण विसरतात. तो ढिला असेल तर ट्रे जोरात लोटल्यावर अख्खा गठ्ठा मागे सरकतो आणि रोलर रिकाम्या जागी फिरतो. म्हणून ट्रे हळू लावा.

गाइडचं दुसरंही काम आहे. अनेक मशीन त्यांच्या जागेवरून कागदाचं माप ओळखतात. ए४ कागद २१० बाय २९७ मिमी असतो, लेटर हे अमेरिकी माप २१६ बाय २७९. रुंदीतला फरक फक्त ६ मिमी, लांबीतला १८. गाइड एक खाच चुकला किंवा पडद्यावर माप हाताने लेटर ठेवलेलं राहिलं, तर मशीन समजतं की कागद २७९ मिमीचा आहे. वाटेवरच्या सेन्सरपाशी कागद केव्हा पोहोचायला हवा आणि केव्हा निघून जायला हवा, याचं गणित ते त्यावरूनच करतं. कागद १८ मिमी लांब निघाला की सेन्सरला वाटतं, अजून गेला नाही म्हणजे अडकला. तुम्ही झाकण उघडता तर कागद सरळ, स्वच्छ, एकही घडी नाही. असा "न अडकलेला अडकलेला" कागद सापडला तर रोलरला हात लावू नका, ट्रेचं माप तपासा.

ज्या मशीनमध्ये ए३ जातो त्यांत ए४ दोन प्रकारे ठेवता येतो: लांब कड आधी आत जाईल असा किंवा आखूड कड. पडद्यावर आखूड कड आधी जाणाऱ्याला बहुधा ए४आर असं दाखवतात. ट्रेमध्ये एक आणि सेटिंगमध्ये दुसरं असेल तर मशीन एकतर कागद मागत बसतं किंवा अडतं. लांब कडेने भरलेला ए४ मशीनमध्ये कमी अंतर जातो, म्हणून शक्य असेल तिथे तसाच भरा. ए४आर ज्या कामाला लागतो त्यासाठी वेगळा ट्रे ठरवून टाका.

लेटरहेड असो किंवा पाकीट, कोणती बाजू वर आणि कोणतं टोक आत, हा गोंधळ एकदाच कायमचा मिटवता येतो. एका कोऱ्या कागदावर, वरच्या बाजूला, आत जाणाऱ्या टोकाकडे रोखलेला बाण पेन्सिलने काढा आणि "वर" असं लिहा. तो ट्रेमध्ये सगळ्यात वर ठेवून एका बाजूची एक प्रत काढा. छपाई खुणेच्या बाजूला आली की मागे, मजकुराचा माथा बाणाकडे आहे की उलट, हे दिसेल. बायपाससाठी, म्हणजे मशीनच्या बाजूला उघडणाऱ्या, हाताने कागद घालायच्या ट्रेसाठी, वेगळी चाचणी करा, कारण पुष्कळ मशीनमध्ये बायपासची आणि खालच्या ट्रेची बाजू उलटी असते. उत्तर कागदावर चित्रासह काढून त्या त्या ट्रेवर चिकटवा. पाठपोट छपाईत लेटरहेडची बाजू पुन्हा बदलू शकते, तीही चाचणी लगोलग करून घ्या.

पाकिटं

पाकीट म्हणजे जाड कागद, असं धरून चालल्यामुळेच बहुतेक त्रास होतो. पाकिटात दोन थर असतात, मधे हवा असते, जोडांवर तीन-चार थर होतात आणि फ्लॅपवर (दुमडून बंद करायच्या झाकणावर) डिंक असतो. फ्युजरचे रोलर हे सगळं दाबत पुढे नेतात. वरचा आणि खालचा थर एकाच वेगाने जात नाहीत, आतली हवा आणि सैल पडलेला कागद मागे मागे ढकलला जातो आणि शेवटी मागच्या टोकाला, बहुधा कोपऱ्यात, तिरपी सुरकुती पडते. म्हणून पाकिटाची तयारी त्याच्यातली हवा काढण्यापासून सुरू होते.

पाच-दहा पाकिटांचा गठ्ठा घ्या, सपाट टेबलावर ठेवा आणि तळव्याने मधून कडेकडे दाबत हवा बाहेर काढा. मग चारही कडांवर, विशेषतः आत आधी शिरणाऱ्या कडेवर, पेनाचं मागचं टोक किंवा पट्टी फिरवून घडी पक्की करा. कोपरे वाकले असतील तर सरळ करा. सरळ होत नसेल ते पाकीट बाजूला काढा, त्यावर हाताने पत्ता लिहा. शेवटी गठ्ठा फुलवा, म्हणजे एकाचा फ्लॅप दुसऱ्याला अडकलेला राहणार नाही.

पाकीट निवडतानाच निम्मा प्रश्न सुटतो. कडा धारदार, घडी सपाट आणि जोड पातळ हवेत. चिकटवायची पट्टी सोलायची असते ती पाकिटं शक्यतो टाळा, उष्णतेने त्यांचा चिकट थर सुटून आत लागू शकतो. प्लॅस्टिकची खिडकी असलेली पाकिटं लेझर छपाईसाठी चालतात असं वेष्टणावर लिहिलं असेल तरच वापरा, नाहीतर खिडकी फ्युजरमध्ये वितळेल. धातूची पिन, दोरी किंवा आत हवेच्या फुग्यांचं अस्तर असलेल्या पाकिटांना मशीनमध्ये जागा नाही. त्यांच्यावर लेबल चिकटवा. ओला करायचा डिंक असलेली साधी पाकिटं सगळ्यात बरी, पण दमट हवेत त्यांचे फ्लॅप आपोआप चिकटतात, म्हणून तीही वेष्टणात बंद ठेवा.

पाकिटांसाठी खास ट्रे नसेल तर ती बायपासमधूनच घाला. खालच्या ट्रेमधून कागदाला जास्त वळणं घ्यावी लागतात. बायपासची वाट त्यामानाने सरळ असते. मॅन्युअलमध्ये मर्यादा दिलेली असते, पण त्रास देणाऱ्या मशीनमध्ये दहापेक्षा जास्त ठेवू नका, आणि फ्लॅपकडची बाजू उंच होऊन गठ्ठा कलता झाला तर त्याहूनही कमी. एकाआड एक पाकीट उलटं ठेवून उंची सारखी करण्याची युक्ती इथे चालत नाही, पत्ते उलटे छापले जातील. गाइड दोन्ही बाजूंनी टेकवा.

फ्लॅप उघडा की बंद, मागे की बाजूला, हे मशीनप्रमाणे बदलतं आणि झाकणाच्या आत किंवा मॅन्युअलमध्ये त्याचं चित्र असतं. ते चित्र सापडेपर्यंत एक तत्त्व पाळा: आत आधी शिरणारी कड पक्क्या घडीची आणि सपाट असू द्या, फ्लॅपची उघडी कड आधी शिरू देऊ नका. त्यामुळे पत्ता उलटा छापला गेला तर पाकीट फिरवू नका, संगणकावर छपाई १८० अंशांनी फिरवा. मशीनला सोपी पडेल ती बाजू पाकिटाची, आणि वाचायला सोपी पडेल ती छपाईची.

आता सेटिंग. इथे दोन ठिकाणी सांगावं लागतं आणि बहुतेक जण एकाच ठिकाणी सांगतात.

पहिलं मशीनच्या पडद्यावर. बायपासचं माप निवडा. डीएल पाकीट ११० बाय २२० मिमी असतं, दोन घड्या घालून तीन भागांत दुमडलेला ए४ मावतो ते. सी५ हे १६२ बाय २२९, त्यात ए४ एका घडीत जातो, आणि सी४ हे २२९ बाय ३२४, त्यात ए४ न दुमडता. तुमचं पाकीट यात बसत नसेल तर पट्टीने मोजून माप हाताने घाला. कोणती बाजू आडवी आणि कोणती उभी मानली आहे ते पडद्यावरच्या चित्रात बघा, कारण दोन आकडे उलटे पडले की पाकीट नीट ठेवूनही अडकतं. मग कागदाचा प्रकार "एन्व्हलप" करा. हे नाव निवडल्यावर मशीन वेग आणि उष्णता पाकिटाच्या जाडीला साजेशी करतं. प्रकार "साधा कागद" राहिला तर टोनर नीट बसत नाही आणि सुरकुत्याही वाढतात.

दुसरं संगणकावर. मूळ फाइलचं पान पाकिटाच्या मापाचं करा आणि छपाईच्या खिडकीत माप, प्रकार आणि ट्रे तिन्ही निवडा: तेच पाकीट, एन्व्हलप, बायपास. फाइलचं पान ए४ राहिलं तर मशीन ए४ मागत थांबतं. पाकिटं तर समोर दिसत असतात, म्हणून कोणीतरी "पुढे चला" दाबतं आणि ए४ चं काम पाकिटावर सुरू होतं. पडद्यावरचा तो प्रश्न वाचूनच बटण दाबा.

मोठ्या ऑफिसात आणखी एक गोष्ट घडते. तुम्ही बायपासमध्ये पाकिटं ठेवून जागेवर जाता, तेवढ्यात दुसऱ्या कोणाची प्रत सुटते, त्याच्या ट्रेमधला कागद संपतो आणि मशीन आपण होऊन बायपासकडे वळतं. त्याचा अहवाल तुमच्या पाकिटांवर छापला जातो आणि तिसरं पाकीट अडकतं. आपोआप ट्रे बदलण्याच्या सेटिंगमधून बायपास वगळण्याची सोय अनेक मशीनमध्ये असते. ती एकदाच शोधून लावून घ्या.

काही मशीनमध्ये फ्युजरजवळ पाकिटांसाठी दाब कमी करणारा छोटा खटका असतो, मागचं किंवा बाजूचं झाकण उघडल्यावर दिसतो. तो खाली केल्यावर सुरकुत्या जवळजवळ जातात. काम झालं की तो मूळ जागी न्या. तसाच राहिला तर पुढच्या साध्या प्रतींवरचा टोनर बोटाने पुसला जाईल आणि लोक टोनरला दोष देतील. अशी तक्रार अचानक आली तर आधी तो खटका बघा.

पहिली प्रत पाकिटावर काढू नका. पाकिटाच्या मापाचा साधा कागद कापून घ्या, त्यावर पत्ता कुठे पडतो ते बघा, मग एक पाकीट आणि मग बाकीची. पत्ता कडेपासून किमान १५ मिमी आत आणि मागच्या जोडांपासून दूर ठेवा. जोडावर छपाई आली की थरांच्या उंच-सखलपणामुळे अक्षरं तुटक येतात. छापलेली पाकिटं बाहेरच्या ट्रेमध्ये साचू देऊ नका, चार-पाच झाली की उचला. वाकलेलं पाकीट मागून येणाऱ्याची वाट अडवतं.

कागद काढताना पुढच्या अडथळ्याची पेरणी होते

घाईत ओढलेला कागद फाटतो आणि नखाएवढा तुकडा आत राहतो. तो सेन्सरच्या छोट्या पात्याखाली बसला की मशीन चालू होण्याआधीच "कागद अडकला" म्हणतं, वाटेच्या कडेला बसला की प्रत्येक कागदाचा तोच कोपरा दुमडतो. म्हणून कागद दोन्ही हातांनी, दोन्ही बाजू धरून, तो ज्या दिशेने जात होता त्याच दिशेने हळू ओढा. हिरवा किंवा निळा खटका असेल तर आधी तो उघडा, म्हणजे रोलरची पकड सुटते. काढलेले तुकडे टेबलावर जोडून बघा. पान पूर्ण झालं नाही तर उरलेला भाग आत आहे. तो सापडेपर्यंत मशीन चालवू नका. कात्री, पट्टी, चिमटा असं टोकदार काही आत घालू नका, ड्रमवर एक ओरखडा पडला तरी तो पुढच्या प्रत्येक प्रतीवर रेघ होऊन येतो.

फ्युजरजवळचा भाग थंड होऊ द्या, मगच हात घाला. या उष्णतेचा प्रश्न यंत्राइतकाच जुना आहे. १९५९ साली आलेल्या झेरॉक्स ९१४ या पहिल्या मोठ्या यशस्वी ऑफिस कॉपियरमध्ये अडकलेला कागद करपायचा, म्हणून त्याबरोबर लहान अग्निशामक दिलं जायचं. आजची मशीन तशी पेट घेत नाहीत, पण चटका बसायला पुरेशी गरम असतात.

एवढं करूनही थांबलं नाही तर

कागद कोरडा, माप बरोबर, गाइड टेकलेले, तरी तोच ट्रे कागद उचलत नाही किंवा दोन-दोन ओढतो, तर रोलरकडे वळा. मशीन बंद करा आणि न सुटणाऱ्या धाग्यांचं कापड पाण्यात भिजवून घट्ट पिळा. त्याने पिकअप रोलर फिरवत फिरवत पुसा, वाळू द्या. फ्युजरला आणि ड्रमला हे करू नका. रबर पुसल्यावरही चकचकीत, कडक लागत असेल तर त्याचं आयुष्य संपलं आहे. पुसून मिळालेला आराम मग काही दिवसच टिकतो, आणि "दुरुस्तीवाला गेला की पुन्हा सुरू" या तक्रारीचं हे दुसरं मोठं कारण आहे.

बोलवण्याआधी मशीनशेजारी एक वही ठेवा आणि प्रत्येक अडथळ्याची एक ओळ लिहायला सगळ्यांना सांगा: पडद्यावरचा कोड, कोणता ट्रे, कोणतं माप, एका बाजूची छपाई की पाठपोट, रिम केव्हा फोडली. आठवडाभरात त्यातलं साम्य दिसू लागतं. सगळ्या नोंदी एकाच ट्रेच्या असतील तर त्या ट्रेचे पिकअप, फीड (कागद पुढे नेणारा) आणि कागद वेगळे करणारा असे तिन्ही रोलर एकत्र बदलायला सांगा. एकच नवा बसवला की नव्या-जुन्या रबरांच्या पकडीचा मेळ बसत नाही. बदलल्यावर मशीनमधला त्या रोलरांचा मोजणीचा आकडा शून्यावर आणून घ्या, आणि दुरुस्तीवाला निघण्यापूर्वी त्याच्यासमोर फक्त त्याच ट्रेमधून, तुमच्या नेहमीच्या कागदावर, पाठपोट प्रती काढून बघा.